आईच्या चपला मला बसू लागल्या

तीर्थरूप ताईस धाकटीचा वाकून (आता जमेल तेवढंच वाकून) नमस्कार.

तुझं पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: शाल एक, साबणाच्या वड्या तीन (शालीला इतका वास लागलाय की महिनाभर धुवायला नको), आईच्या जुन्या चपला एक जोड. टपालखर्च तूच भरलास, म्हणजे मला पडलं शून्य. देव तुला उदंड देवो. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आम्ही ईश्वरकृपेने ठीक आहोत, घरात भूत आहे तेवढं सोडून.

चपला मला मोठ्या होतील म्हणून दाराशीच ठेवल्या होत्या. मग एके दिवशी भरदुपारी फरशी पुसून मागे वळले, तर ओल्या फरशीवर पावलं. रुंद, फुगीर, तळव्याला खाच नाही, बोटं एकमेकांना चिकटलेली. हुबेहूब आईची! शेवटी तिचे पाय कसे झाले होते, आठवतं ना? भुताचे पाय उलटे असतात, म्हणून मी मुद्दाम वाकून पाहिलं. सरळ होते. म्हणजे भूत चांगल्या घरचं. (वाकताना धाप लागली, पण तो विषय वेगळा.)

दोन दिवसांनी आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "सासूबाई आल्या का गं? चपला फरफटतायत." खाली पाहते तर त्या चपला माझ्याच पायांत, आणि अगदी मापात! कधी घातल्या, आठवेना. तरी डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, आई माझ्या पायांत शिरली.

मग नामस्मरण करत सगळ्या उंबऱ्यांवर मीठ पसरलं. रोज संध्याकाळी ते गोळा करायचं, आणि देवाचं नाव घेतलेलं मीठ फेकायचं कसं? माझ्याच ताटात घेत गेले. (ह्यांना दिलं नाही. उगाच माझी आई त्यांच्या अंगात कशाला?) पावलं मोठी होत गेली, तसं मी मीठही वाढवलं.

शेवटी ह्यांनी मला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, तर मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडला आणि भरून यायलाच तयार नाही. "मीठ किती खाता?" मी सगळं खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, ती पावलं तुमचीच. भूत काढायला गेलात आणि अंगात पाणी साठवून बसलात." मीठ तोडायचं, पाय लोंबकळत ठेवून बसायचं नाही, थोडं चालायचं, निजताना पाय छातीपेक्षा उंच. एकच पाय सुजून दुखला किंवा श्वास अडकला, तर तशाच धावत या म्हणाल्या. (धावत कशी, ते नाही सांगितलं.) धापेचं ऐकून रक्त-लघवीही तपासायला घेतली.

आता पाय उंच करायचे, पण कुणाकडे? एका भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातले देव, दुसरीवर सासऱ्यांचा फोटो, तिसरीला दार. उरली ह्यांची उशी. ते म्हणतात, यापेक्षा भूत परवडलं.

तुझी,
धाकटी

ता. क. मीठ तोडल्यापासून सूज उतरतेय. पावलात खाच दिसू लागली. चपला ढिल्या झाल्या, म्हणून परत दाराशी ठेवल्या.

ता. ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. डॉक्टरीणबाई विचारतात, तुमची आई कशानं गेली? हृदय की मूत्रपिंड? मी म्हटलं, झोपेत गेली. त्या म्हणाल्या, "झोप हा काही आजार नाही." आई गेली तेव्हा मी बाळंतीण होते, म्हणून तू मला एवढंच कळवलंस, आणि पुढे मीही विचारलं नाही. शेवटी तिच्याजवळ तूच होतीस. आता लपवू नकोस. त्यावर माझं औषध ठरायचं आहे.

आणि हे ह्यांना बोलले नाही. काल हे कामावर गेल्यावर मी दोन्ही पाय उशीवर उंच ठेवून पडले होते. तेव्हा स्वयंपाकघरात चपला फरफटल्या. दारापासून देवापर्यंत, मग माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. तिथे आता मीठ नाही.

तिने सांगायच्या आत तू सांग. उलट टपाली कळव.