शेजारच्या दाराचा खिसा

प्रिय भाऊजी,

पाकिटामागचं नाव वाचूनही तुम्ही हे उघडलंत, म्हणजे माझं अर्धं काम झालं. तुमचा पत्ता मोटार क्लबच्या जुन्या चिटणिसांनी दिला. देण्याआधी तीनदा विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, गाडीबद्दल लिहायचंय. खोटं नव्हतं ते. निदान सुरुवातीची पानं तरी गाडीबद्दलच आहेत, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचा. माझं अक्षर पहिल्यापासून कोंबडीचे पाय, त्यात आता वयही झालंय.

ती हिरवी टू-सीटर अजून आमच्याकडेच आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. कापडी टप दोनदा बदलला, रंग मात्र तोच आहे, बोनेटवर थोडा उडालाय तेवढाच. तुम्ही गेल्यावर ती शर्यतीला कधीच गेली नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्यातून तलावापर्यंत जाऊन यायचो. मी तुमच्या सीटवर बसायचे, पण पर्स मांडीवर धरून. त्या दाराच्या खिशात हे मला रुमालसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. 'तिथे नको, ती नकाशांची जागा आहे,' एवढंच म्हणायचे. चौतीस वर्षांत तुमचं नाव त्यांनी फारसं घेतलं नाही, पण तो खिसा तुमचाच राहिला. खरं सांगते, मला त्याचा राग यायचा.

ह्यांना आता पंचाहत्तरावं लागलंय. पाय तसाच आहे, थंडीत जरा जास्त ओढतात. दुखणं वेगळंच आहे. डोक्यातलं एकेक सामान कुणीतरी उचलून नेतंय. आधी आठवड्याचे वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं, मग लेकीचं लग्न झालंय हे. लेक दूर असते, दर रविवारी फोन करते. ती म्हणते, बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू, तू एकटी किती करशील? मी विषय बदलते. मी कधी ह्यांची बायको असते, कधी कामाला येणारी बाई. बाई असते त्या दिवशी माझ्याशी फार अदबीने वागतात. उभ्या जन्मात बायकोला इतक्यांदा 'आभारी आहे' म्हटलं नसेल. आधी हसू यायचं. आता दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं, तेव्हा मी स्वयंपाकघरात स्वतःशीच मोठ्याने बोलते, कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, आणि स्वतःच उत्तर देते.

गेल्या वर्षभरात एक गोष्ट मात्र घड्याळासारखी चालू आहे. सकाळी अंघोळ झाली की हे बूट घालतात, शेडमध्ये जातात आणि स्टीअरिंगसमोर बसतात. किल्ली मी लपवलीय, बॅटरीही काढून ठेवलीय. त्यांना गाडी चालू करायचीच नसते. नऊ वाजल्यापासून जेवायच्या वेळेपर्यंत नुसते बसून राहतात आणि अधूनमधून रस्त्याकडे बघतात. विचारलं तर म्हणतात, 'वाटाड्याला आज उशीर झाला.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भ्रमच आहे. आणि मग आठवलं, शर्यतीत शेजारी बसून नकाशा वाचायचात म्हणून तुम्हाला ते वाटाड्या म्हणायचे.

तर खिशांचं असं झालं. बसल्याबसल्या ह्यांनी आपल्या बाजूच्या दाराच्या खिशात घर भरायला सुरुवात केली. मला पत्ता नव्हता. घरातले चमचे कमी होत होते, टीव्हीचा रिमोट गायब, माझा वाचायचा चष्मा गायब, आणि मी बिचाऱ्या भांडी घासणाऱ्या बाईकडे संशयाने बघत होते. एके दिवशी ह्यांनी खिशात हात घातला आणि सगळाच ऐवज खाली पेडलवर सांडला. पाच चमचे, रिमोट, चष्मा, दाढीचा ब्रश, एक मोजा, भिजून वाळलेली बिस्किटं, लेकीचं शाळेतलं पदक. उचलायला वाकले ते स्टीअरिंगखाली अडकले, कपाळाला खोक पडली. मी धावत गेले. दाराचा खिसा रुसलेल्या पोराच्या ओठासारखा खाली लोंबला होता. पलीकडे पाहिलं तर तुमच्या दाराचाही तसाच लोंबलेला. त्यात तर तुम्ही गेल्यापासून काही ठेवलेलंच नव्हतं. दमटपणाने आपला आपणच वाकला होता. रक्त पुसताना ह्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि कपाळ विसरून म्हणाले, 'अहो, हा असा असला तर वळणावर त्याचे नकाशे पडतील. तो चिडेल. आधी हा नीट करून घ्या.' त्यानंतर रोज तेच. सकाळी तेच, जेवताना तेच. माझ्या नाकीनऊ आले.

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्याला बोलावलं. माणूस चांगला. त्याने दोन्ही दारं उघडझाप करून पाहिली आणि म्हणाला, 'गाडी महिनाभर माझ्याकडे ठेवावी लागेल.' त्याची माणसं गाडी ढकलायला लागली आणि ह्यांना वाटलं, चोर आले. आत जाऊन बसले, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि रडायला लागले. मोठ्याने, भाऊजी. मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, पाय मोडला तेव्हाही नाही. कुशनवाल्याने माणसांना मागे घेतलं. मला बाजूला नेऊन विचारलं, 'आई, तुम्ही काय करायचात?' मी म्हटलं, तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेत. तो म्हणाला, 'मग हे तुम्हालाच जमेल. खिसा तो खिसाच.' त्याने एका कागदावर सगळं काढून दिलं आणि रेक्झिन चिकटवायचा गोंद, पातळ प्लाय, चापट इलॅस्टिक पाठवून दिलं.

आधी ह्यांची बाजू घेतली. काच खाली-वर करायचं हँडल काढायचं, कडी काढायची, मग दाराचं आतलं कव्हर चापट पेचकसाने कडेकडेने उचकटायचं. एकेक क्लिप सुटताना असा आवाज येतो की वाटतं, गेलं दार! खिशाचा पुढचा पुठ्ठा भिजून फुगला होता, बोटाने दाबला की चुरा पडायचा. वरच्या काठातलं इलॅस्टिक ओढलं तर वाळक्या गवतासारखं तुटलं. जुन्या पुठ्ठ्यावरून मी प्लायवर नवा आकार काढला. इथे माझी हुशारी बघा. दोन्ही दारांसाठी एकदमच कापू म्हणून पुठ्ठा न उलटवता एकाच बाजूने दोनदा आखलं, लगेच दोन्हींचा वरचा काठ वरून तिरका तासूनही टाकला, म्हणजे तुकडा उलटवायची सोय गेली, आणि दोन्ही तुकडे एकाच दाराचे निघाले. तीस वर्षं डाव्या-उजव्या बाह्या कापलेली बाई मी! त्या दिवशी हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि हसायला सोबतीला कुणी नाही हे लक्षात आल्यावर ते पाणी थांबेना.

दुसरा तुकडा पुन्हा कापला. वरच्या काठाला आतून लोखंडाची पातळ पट्टी बसवली, म्हणजे पुन्हा बाहेर वाकायला नको. जुनं रेक्झिन टाकवेना. ते साबणाच्या पाण्याने पुसलं, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून मऊ केलं आणि नव्या प्लायवर ताणून चिकटवलं. पहिल्यांदा काठातलं नवं इलॅस्टिक इतकं ताणलं की खिशात हात जाईना. सगळं उसवून परत केलं. इलॅस्टिक नेहमी मोजापेक्षा चार बोटंच कमी घ्यायचं, जास्त नाही, हे मी हाताखालच्या मुलींना शिकवायचे, तेच स्वतः विसरले होते.

तुमच्या बाजूचं काम सुरू झालं तेव्हा हे आपल्या सीटवर बसून बघायचे. मी बाहेर पाट टाकून दारापाशी बसलेली. स्क्रू हरवू नयेत म्हणून मी ते ह्यांच्या तळहातावर ठेवले. मूठ मिटून दोन तास बसले, एकही पडू दिला नाही. मी हात पुढे केला की एकच स्क्रू द्यायचे. इतके दिवस आम्ही एका घरात दोन परक्यांसारखे होतो, ते दोन तास मात्र बरे गेले. त्यातच, मी काहीही विचारलेलं नसताना, हे बोलायला लागले. 'आम्ही दोघं एकदा घाटात पडलो. त्याने बरोबर सांगितलं होतं, डावं म्हणून. मी इंजिनाच्या आवाजात उजवं ऐकलं. त्याला वाटत असेल, नकाशा वाचताना तोच चुकला. त्याला सांगायचं राहूनच गेलं. नंतर तो आलाच नाही ना.'

माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला. भाऊजी, तुम्ही आला होतात. मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला. अपघाताच्या चौथ्या दिवशी तुम्ही आलात, कपाळाला पट्टी होती. मला सातवा महिना चालू होता. मी अंगणातच उभी राहिले आणि म्हटलं, त्यांना तुमचं तोंडही बघायचं नाही. हे आतल्या खोलीत प्लास्टरमध्ये पडून होते, त्यांना मी विचारलंही नव्हतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही परत आलात, मी दार उघडलं नाही. मग तुमचं पत्र आलं. ते मी न उघडता चुलीत घातलं. ह्यांनी रोज विचारलं, 'तो आला होता का?' आणि मी रोज म्हटलं, नाही. मला एवढंच हवं होतं की शर्यती थांबाव्यात आणि माझ्या पोटातल्या लेकराला बाप असावा. तुम्ही समोर असतात तर हे बरे होताच पुन्हा घाटात गेले असते, अशी माझी खात्री होती. पुढे लेक झाली, तुम्ही गाव सोडलंत, ह्यांनी विचारायचं थांबवलं. मलाही वाटलं, झालं ते बरंच झालं. पण त्यानंतर ह्यांना दुसरा मित्र झाला नाही. कामावरून येऊन खिडकीपाशी बसायचे. स्वभावच तसा आहे, असं मी लोकांना सांगत राहिले.

त्या दिवशी शेवटचा स्क्रू पिळला आणि मी तुमच्या सीटवर बसून ह्यांना सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. हे मान हलवत ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर माझ्या हातावर थोपटून म्हणाले, 'रडू नका बाई. चुका होतात माणसाकडून. तुमचे यजमान समजून घेतील, त्यांना एकदा सांगून टाका.' आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. चौतीस वर्षांनी कबुली दिली, ती ऐकणारा माणूस तिथे नव्हता. आता माफी मागायला मला तुम्हीच उरलात, म्हणून हे पत्र. माफ करा असं नुसतं लिहून भागत नाही, हे मला कळतं, आणि तुम्ही ती द्यालच असंही नाही. पण दोन गोष्टी तुमच्या होत्या आणि मी त्या अडवून ठेवल्या होत्या. एक ही, की तुम्ही चुकला नव्हतात, डावं बरोबर होतं. दुसरी ही, की ह्यांनी तुम्हाला कधीच टाकलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, येत्या काही महिन्यांत तुमचं नावही जाईल. अजून आहे. तुम्हाला प्रवास झेपणार असेल तर या. माझ्याशी एक शब्द बोलू नका, चहासुद्धा घेऊ नका, मी वाईट वाटून घेणार नाही. मागच्या बाजूने थेट शेडमध्ये जा आणि गाडीचं तुमच्या बाजूचं दार उघडून बसा. मी घरातच थांबेन.

तुमचीच,
तुम्ही अजून म्हणणार असाल तर, वहिनी