गोल नाकाच्या इंजिनातली जागा

मी, खाली सही करणारी, रेल्वे कारखान्याच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेली ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईने उतरवून काढणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ताळ्यावर आहे, हात कापत नाही आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एक धाकटी बहीण आहे. तिला मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसवले आहे. घाई एवढ्यासाठी की उद्या मला एका इंजिनात चढायचे आहे आणि डॉक्टरांनी माझ्या हृदयाकडे बोट दाखवून ते करू नका म्हटले आहे.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्यांचे, कारखान्याच्या भिंतीलगतचे, माझ्या भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला द्यावे. बँकेतली शिल्लकही तिलाच. तिला आईसारखे गोड बोलता येत नाही, हीच तिची जमेची बाजू. खिडकीखालचे टेबल तिने विकू नये. तिथे पडतो तसा उजेड विकत मिळत नाही.

कलम दुसरे. वक्रपट्ट्या आणि शाईच्या लेखण्या ज्या शाळेला हव्या असतील तिला द्याव्यात. या पट्ट्यांनी मी डिझेल इंजिनांची नाके कागदावर काढली. पहिल्या तुकडीचे नाक लांब आणि उतरते, पाण्यात सूर मारणाऱ्या माणसासारखे. नंतरच्या तुकडीचे आखूड, गोल, फुगीर, बुलडॉगच्या तोंडासारखे. कुशीला गोल खिडक्या, कुठे तीन, कुठे दोनच. लोक सगळ्यांना सरसकट ‘जुनं डिझेल’ म्हणतात. अशा लोकांना माझ्या पट्ट्या देऊ नयेत.

कलम तिसरे. पत्र्याची छोटी इंजिने मी स्वतः घडवली. ती सगळी भाचीची, फक्त फुगीर नाकाचे सोडून. त्यांत एक बिनतोंडाचे आहे, ड्रायव्हरची खोलीच नसलेले, दुसऱ्याच्या मागे जोडायचे. ते कोणाला आवडत नाही, पण ओझे ओढायला तेही तेवढाच जोर लावते.

कलम चौथे, धाकटीविषयी. इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

तिचा नवरा या इंजिनांवर ड्रायव्हर होता. त्याचे स्थळ आधी मला सांगून आले होते. मी त्याला विचारले, तुमच्याकडे उतरत्या नाकाचे आहे की फुगीर. तो म्हणाला, “इंजिन ते इंजिन. नाकाचं काय करायचंय?” मी आत जाऊन वडिलांना नकार कळवला. पुढे धाकटीने त्याच्याशी लग्न केले. मी तेव्हापासून जळते असे नातेवाईक म्हणत, आणि ते खरेच आहे. पण कशावर, ते त्यांना कधी कळले नाही. मला नवरा नको होता. त्याच्या शेजारची खुर्ची हवी होती.

आमच्या विभागातल्या बायकांना इंजिनात चढायची मुभा नव्हती. ती इंजिने मोडीत निघाली तेव्हा शेवटच्या फेरीला ड्रायव्हरच्या बायकोला मानाने आत बसवले. मी फलाटावर. मी काढलेले नाक माझ्यासमोरून गेले आणि वर खिडकीत धाकटी. उतरल्यावर म्हणाली, आत फार उकडतं, तेलाचा वास येतो. त्यानंतर कित्येक महिने मी तिच्याशी कामापुरतेच बोलले. मेहुणे वारले तेव्हा मी मनापासून रडले; पण रडतानाही वाटले, या माणसाने जन्मभर समोरच्या काचेतून रूळ पाहिले.

आता संग्रहालयाने एक फुगीर नाकाचे इंजिन पुन्हा चालते केले आहे. चेपलेले नाक माझ्या नकाशावरून नव्याने ठोकले. उद्या पहिली फेरी. आत पाहुण्याला जागा एकच. ती त्यांनी देऊ केली ड्रायव्हरच्या विधवेला. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग धाकटी घरी आली. म्हणाली, मी नाही म्हटलं, तुझं नाव सांगितलं. मी विचारले, का. ती नखाने टेबलाची कड खरवडू लागली.

“तेव्हा मी सगळा वेळ डोळे मिटून बसले होते, ताई. भीती वाटत होती. मला काही दिसलंच नाही. तू बघून ये आणि मला सांग.”

जिचा इतकी वर्षे हेवा केला तिने काही पाहिलेच नव्हते. मन निवायला हवे होते. उलट जास्तच पेटले. आयती मिळालेली जागा हिने वाया घालवली, आणि आता तशीच जागा मला देऊन ही मोठ्या मनाची झाली. एखाद्या मानी बाईने नकार दिला असता. मी लगेच हो म्हणाले.

फुगीर नाकाचे पत्र्याचे इंजिन धाकटीला द्यावे. माझ्या हातून त्याहून चांगले काही घडले नाही. तिने ते कपाटात कोंडू नये.

कलम शेवटचे. उद्या इंजिनात माझे काही बरेवाईट झाले तर गाडी मध्येच थांबवू नये. शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊ द्यावी. मला खुर्चीतून हलवू नये. आणि तोवर माझ्या जागी दुसऱ्या कोणाला बसवू नये, धाकटीला तर मुळीच नाही.

सही: मृत्युपत्र करणारी, निवृत्त ट्रेसर

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर. (मनाच्या शुद्धतेची खात्री देतो. हृदयाची देत नाही.)
२. खालच्या मजल्यावरची शिंपीण

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळ
तारीख: फेरीचा आदला दिवस