रोटांचा आठवडा

१८ जुलै, शुक्रवार

एकशे शहाऐंशी. जळगावच्या दवाखान्यात ते गोड पाणी प्यायले, दोन तास बाकावर बसले, आणि हा आकडा हातात पडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, गरोदरपणातली शुगर आहे. पथ्य पाळलं तर बहुतेक सगळं नीट होतं. नाही पाळलं तर बाळ पोटात नको तेवढं वाढतं, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम खाली जाऊ शकते. तीन आठवडे पथ्यावर बघू, नाहीतर इन्सुलिन.

आहाराच्या सिस्टरने विचारलं, दिवसभरात काय काय खाता? दुपारचे वेफर्स सांगितले. दोन केळी सांगितली. डब्यातला गूळ नाही सांगितला. शेजारच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी शुगर! धुळ्याला आमच्या गल्लीत ही म्हाताऱ्यांची गोष्ट. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ जुलै

यांना म्हटलं होतं, घरात इतक्यात सांगू नका. पण आमच्या नवरोबांनी, योगेंद्र महाराजांनी, सकाळच्या चहालाच आईला सांगून टाकलं. या माणसाच्या पोटात काही राहत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं व्हयनं सांगं ते." मी मान वर न करता भांडी घासत बसले.

२२ जुलै

उपाशीपोटी ९८. जेवणानंतर १४९. बोटाला सुई टोचायची तर दार लावून घेते. कोणी चोर म्हणेल.

२६ जुलै

९१ आणि ११६! ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मेथी, घट्ट वरण. जेवण झालं की अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. समोरच्या ताईबाई ओट्यावरून विचारतात, "काय व दिपमाला, काय हारपनं का?" म्हटलं, पाय आखडतात. खोटं बोलायला माझी जीभ चटकन वळते. बाळ आज खूप हललं.

३१ जुलै

रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण. सासूबाईंनी रोटांचे गहू काढायला घेतले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आबांची म्हणजे सासऱ्यांची, यांची, दिरांची. शेवटी माझ्या पोटाकडे बघून हसल्या आणि आणखी एक मूठ टाकली.

हे पुरणाचे रोट पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच संपवायचे. बाहेर कोणाला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. मग बाळाचा वाटा कोण खाणार? आईच ना.

३ ऑगस्ट, रविवार

रोट खाल्ले. दोन, वर तूप. देवीचं आहे, नाही कसं म्हणायचं. शुगर मोजायचं मशीन काढलंच नाही.

५ ऑगस्ट

१८८. आजही रोट. या घरात रीत म्हणजे रीत. मी सून — माझं काय चालणार?

हे कंपनीत दुसऱ्या पाळीला. फोनवर आकडा सांगितला तर म्हणाले, "आईशी बोलू का?" म्हटलं, नको, सणासुदीत उगाच वाद नको. काय शहाणी सून!

७ ऑगस्ट

२०४. दवाखान्याच्या वहीत १२४ लिहिलं. मग खोडून खरं लिहिलं. बाळ हललं की पोटावर हात ठेवायचीसुद्धा लाज वाटते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सासूबाईंना सोबत घेऊन जळगावला. सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर आठवड्यांच्या मानाने जास्त वाढलेला. सिस्टरने वही बघितली. "सगळं छान चाललं होतं. तीन तारखेपासून काय झालं?"

मी म्हणाले, "घरी कानबाईचे रोट होते. घरच्यांनी..." पुढे बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. सिस्टर सासूबाईंवर घसरल्या. "आजी, नातवंड धडधाकट पाहिजे ना? मग सुनेच्या ताटात हे कशाला वाढता? देवी रागावेल म्हणून?" सगळा हॉल वळून बघत होता. सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "चुकनं मन्हं, बाई."

इन्सुलिन सुरू. सकाळी आणि संध्याकाळी, पोटावर. परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा सासूबाईंनी मला दिली.

१० ऑगस्ट

सुई टोचताना सासूबाई शेजारी बसून माझा पदर वर धरतात. दुसरीकडे बघतात.

११ ऑगस्ट

या वहीलासुद्धा आठ दिवस खोटंच सांगत आले. सासूबाईंनी माझ्या ताटात एकही रोट वाढला नव्हता. कानबाईच्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "तू नको खाऊ. लेकरूना वाटा मी खाई लिसू. कानबाईले मी सांगसू." माझ्यासाठी रोज वेगळी भाकरी थापली. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या की मी कोठीत जायचे, डबा उघडायचे आणि उभ्याउभ्या खायचे.

आज चुलीपाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलं नाही.

"माले मालूम शे. रोट मोजेल ऱ्हातस."

मोजलेले असतात! म्हणजे दवाखान्यात बोलणी खातानाही त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"आते चोरीसन नको खाऊ. मन व्हयनं ते माले सांग. मन्हा समोर खा."