पमीचं वजन, टोपली वजा जाता

३ जाने. ७१, रविवार
दादा सकाळच्या एस.टी.ने आला आणि दुपारच्या गाडीने पुण्याला परतलाही. भाऊ कसला, वावटळ आहे नुसती. जाताना माझ्या ओच्यात एक गिनिपिग टाकून गेला. मादी. पांढरी, पाठीवर काळा डाग, दोन्ही कुशींवरचे केस झडलेले. बीजकोशांवर गाठी झाल्या म्हणून त्याच्या प्रयोगशाळेत चौघींची ऑपरेशनं केली, बीजकोशच काढले. तिघी गेल्या, ही राहिली. "तिथं पिंजऱ्यात मरेल सुमे, तुझ्याकडे जगेल. तुला आता वेळही असतो."
वेळ असतो! गेल्या वर्षी माझी गर्भाची पिशवी काढली तेव्हापासून जो तो मला माझा वेळ दाखवतो.
दर रविवारी वजन करून कार्डावर कळवायचं, असा हुकूम आहे. सहाशे ग्रॅमच्या खाली गेली तर आशा नाही म्हणाला.

४ जाने.
यांना विचारलं, पोस्टाचा काटा वापरू का. "सरकारी काटा आहे तो. उंदीर तोलायला नाही." मग चष्मा पुसत पुसत, "खिडकी बंद झाल्यावर आण." पोस्ट आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. दिवसभर शिक्क्याचा ठप ठप आवाज येतो.
टोपलीत बसवून तोलली. मग यांनी रिकामी टोपली तोलली. मग दोन्हीची वजाबाकी करून मला कागदावर लिहून दिली. माणूस विश्वासाचा, पण काय म्हणावं!
वजन ७१०. दादाने आणली तेव्हा ७६० होतं.

६ जाने.
खात नाही. घास समोर ठेवला तर नाक हलवते आणि तोंड फिरवते. सासूबाई लांबून बघून गेल्या. "उंदरीन ती उंदरीन. तिला काय मांडीवर घ्यायचं?"
व. ६६०.

७ जाने.
व. ६४०. मी टोपली धरूनच होते. हे म्हणाले, काटा हलतोय, हात काढ.
शेजारच्या अमीनाभाभींनी त्यांच्या पाटाकडेच्या वाफ्यातला कोवळा लसूणघास पदरातून आणला. शेळीसाठी लावलाय त्यांनी. पाट्यावर वाटला, पाणी घातलं, शाई भरायचा ड्रॉपर उकळून घेतला आणि तिच्या गालाच्या फटीतून थेंब थेंब सोडला. पहिले चार थेंब बाहेर. पाचवा गिळला. भाभी ओरडल्याच, "गिळला, गिळला! वहिनी, गिळला बघा!"
नाव ठेवलं, पमी. भाभींनी नाही, मीच.

९ जाने.
दिवसातून आठ वेळा ड्रॉपर. दुपारी तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले आणि डोळा लागला. स्वप्नात मी टोपलीत बसले होते, काट्यावर. हे खिडकीपलीकडे. "टोपली वजा करा हो," मी म्हणत होते, "टोपलीच जड आहे." बाहेर उसाला तुरे आलेले, सगळीकडे पांढरं पांढरं. जागी झाले तर पमी माझ्या लुगड्याचा काठ कुरतडत होती. काठ गेला. पण दात चालायला लागले! मी मोठ्याने हसले तर सासूबाई धावत आल्या, काय झालं म्हणून.

१४ जाने.
संक्रांत. व. ७०५. आपली आपण खाते आता. सकाळी भाभींची पावलं ओळखते आणि शिट्टी मारते, वीक वीक वीक. पोस्टात आलेली माणसं विचारतात, मास्तर, आत काय पाखरू पाळलंय का.

२४ जाने., रविवार
व. ८१०. कार्ड टाकलं. मला कळेना की एवढी भराभर कशी सावरली.
दुपारी कळलं. पेंगत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, लाडीगोडीचा. "खा माय. पोटाला चिरा पडल्यात तुज्या. आतून पोकळ झाली असशील." उठून बघते तर पमीच्या टोपलीखाली कोमट शेगडी, ओव्याची धुरी, आणि पमीच्या पुढ्यात बाजरीची भाकरी, तूप, गूळ आणि डिंकाच्या लाडवाचा चुरा. मी म्हटलं, "अहो, हे काय?" त्या म्हणाल्या, "पोट उघडल्यालं हाय तिचं. बाळंतीनच की ती. चाळीस दिस तरी नको का बघायला?"
मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं.
गेल्या वर्षी पुण्याहून आले तेव्हा माझंही असंच केलं होतं त्यांनी. खाटेखाली शेगडी, कानाला फडकं, डिंकाचे लाडू, सकाळ-संध्याकाळ तेल. घरात पाळणा नाही, टॅहॅ नाही, आणि मी बाळंतीण. चाळीस दिवस. एका शब्दाने बोलल्या नाहीत की नातवंड होणार नाही. मी त्या लाडवांवर फुगले ती फुगलेच. रस्त्यात बायका म्हणतात, तब्येत झाली हो पोस्टमास्तरीणबाईंची. मी हसते. काय करू?
भाकरी उचलली नाही. म्हटलं खाऊ दे आजच्या दिवस.

७ फेब्रु., रविवार
तो आजचा दिवस लांबतच गेला. व. ९१५. कार्डावर भाकरी-गुळाचंही लिहिलं.

१२ फेब्रु.
दादाचं पत्र. चार पानं, सगळी शिव्यांची. "तू तिला मारतेस. बीजकोश गेले तशी तिच्या अंगातली खळबळही गेली, तेवढ्याच खाण्यावर ती चरबी धरणार. गूळ, भाकरी, तूप, बिस्कीट, काही नाही. वाळलं गवत हवं तेवढं, हिरवा घास बेतानं, पेरूची फोड नाहीतर कोथिंबीर रोज. फिरू दे. तिला आठशे-साडेआठशेत ठेव, त्यातच ती पाच-सहा वर्षं जगेल."
सासूबाईंना वाचून दाखवलं. "तुजा भाऊ गुरांचा डाक्टर. त्येला बाळंतपनातलं काय कळतंय?" म्हणून तोंड फिरवून बसल्या. संध्याकाळी मात्र शेगडी उचललेली दिसली.

१६ फेब्रु.
पमी आता ओसरीभर हिंडते. मी घासाची काडी लांब लांब ठेवते, ती तुरुतुरु जाते. मधे थांबते आणि काहीतरी आठवल्यासारखं बघत राहते. ऊन तिच्या कानातून आरपार दिसतं, गुलाबी. तासभर नुसती बघत बसले. भाजी करपली.
मीही तिच्यामागे चालते. पाठ कमी दुखते.

२८ फेब्रु., रविवार
व. ८७०. निवडणुकीच्या टपालाने हे वैतागलेत. गठ्ठेच्या गठ्ठे. तरी काटा मोकळा करून दिला. आता रिकामी टोपली तोलायला मागत नाहीत, तिचं वजन पाठ आहे, पण कागदावर वजाबाकी लिहितातच.
कुशीवर केस फुटलेत. मऊ, पिल्लाच्या जावळासारखे.

७ मार्च, रविवार
व. ८४०! दादा स्वतः आला. पमीला पालथी-उताणी केली, पोट चाचपलं, दात पाहिले. "सुमे, मानलं तुला. पुण्यात कुणाला जमलं नसतं." मी फुगले, चांगल्या अर्थाने.
मग म्हणाला, "आता चार रविवार आठशे चाळीसच्या आसपास राहिली की मी हिला नेतो."
"कुठे?"
"कुठे म्हणजे? प्रयोगशाळेत. चौघींतली ही एकच टिकली. आत कसं भरून आलंय ते बघायला हवं."
"बघायला म्हणजे काय?"
त्याने चहाची बशी तोंडाला लावली. बशी रिकामी झाली तरी खाली ठेवली नाही.
"दादा, बघायला म्हणजे काय?"
"सुमे, ती प्रयोगशाळेची आहे. मी तुला दिली नव्हती, ठेवायला दिली होती."
"आणि बरी नाही राहिली तर?"
"जाड किंवा रोड जनावर कामाचं नाही. मग ठेव बापडी." हसला. त्याला वाटलं थट्टा झाली.

९ मार्च
मी जगवली म्हणून ती जाणार. एवढं साधं आहे. वाईट सांभाळली असती तर राहिली असती.

१० मार्च
सासूबाई भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, "जाड झाली तर उपेगाची न्हाई म्हनला न्हवं तुजा भाऊ?"
"हो."
"मग?"
परातीतला गुळाचा खडा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

१४ मार्च, रविवार
चार दिवस दिलं. गूळ, तूप, भाकरी. तिला काय, आनंदच. मला बघितलं की शिट्टीवर शिट्टी. व. ८७५. कार्डावर तसंच लिहिलं आणि वर लिहिलं, का कोण जाणे वाढतेय. खोटं लिहिलं. वजन खरं आणि बाकी खोटं.

१८ मार्च
ऊन चढलंय. दुपारी झापड येते ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. आज पडल्या पडल्या वाटलं की मी पाटाच्या पाण्यात उताणी तरंगतेय, आणि काठाने सगळ्या बायका चालल्यात, ज्यांची ज्यांची पिशवी काढली त्या सगळ्या, हळू हळू, हसत. मला वजनच नव्हतं. इतकं छान वाटत होतं की उठावंसं वाटेना.
उठले ती पमीच्या आवाजाने. शिट्टी नाही, घरघर. टोपलीत आडवी, पोट भात्यासारखं, पाय पसरलेले. मागचं अंग ओलं, घाण. वळून स्वच्छ करता येत नाही तिला आता. कोमट पाण्याने धुतली. तिने हात चाटला माझा. लाज वाटली. इतकी की तिच्यासमोर पदर तोंडाला लावून रडले. जिला गूळ कळतो आणि गुळामागचं कळत नाही, तिला मी फसवत होते. माझ्यासाठी. तिच्यासाठी नव्हेच.

१९ मार्च
सासूबाईंना सांगितलं, "आता काही द्यायचं नाही. मला ती बरी हवी."
"जाईल मग."
"जाईल."
मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "लई सवय झाली गं तिची. घरात आवाज हुता." पहिल्यांदाच असं काही बोलल्या. मी त्यांच्याजवळ सरकले. दोघी भिंतीला टेकून बसलो, त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगल्या.

२१ मार्च, रविवार
व. ९२०. कार्डावर खरं लिहिलं सगळं. गूळ मी दिला, आठ दिवस मुद्दाम, तुला फसवायला. आता बंद केलाय. वाळलं गवत, बेताचा घास, चालवणं.
उलट टपाली काय येतं बघू.

४ एप्रिल, रविवार
व. ८५५. धापा नाहीत. दादाचं उत्तरही नाही. अमीनाभाभी म्हणाल्या, "लेक परत फिरायला लागली वहिनी." लेक म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही.

११ एप्रिल, रविवार
व. ८४०.

१८ एप्रिल, रविवार
व. ८४०. दादाचे चार रविवार आता मोजायला हरकत नाही.
यांनी वजाबाकीचा कागद दिला, पण हातातून सोडेनात. म्हणाले, "काय करणार आहेस?"
"खरं लिहिणार."
"ते माहीत आहे. त्याच्यापुढे काय लिहिणार?"
लग्नाला बारा वर्षं झाली. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी सही मागितली ती यांनी दिली, माझ्याशी न बोलता, कारण बोलायला जमलं नाही. आज विचारलं. मी म्हटलं, "मला ती द्यायची नाही." इतकं मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं काही. ते म्हणाले, "मग लिही तसं."

१९ एप्रिल
कार्ड लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा असं:
"ती. दादास, व. ८४०, दोन रविवार. आणखी दोनही तेवढंच भरेल, कारण मी तिला नीट ठेवणार आहे. ती अगदी बरी आहे. म्हणून ती येणार नाही. प्रयोगशाळेची असेल, मला मान्य. पण तुझी चौथी जगली ती का जगली हे आत कापून दिसणार नाही, इथं येऊन बघ, दर रविवारी, तिची वर्षं संपेपर्यंत. मी लिहीत जाईन. रागव, पण ये. सुमन."
खिडकीतून यांच्याकडे दिलं. उघडं कार्ड, वाचणार नाहीत असं कसं होईल. वाचलं. शिक्का उचलला आणि इतक्या हळू मारला की भिंतीपलीकडे ऐकूही गेला नसेल.

२३ एप्रिल
टपाल आलं. आमचं काही नाही. उन्हाची झळ ओसरीपर्यंत येते, पमीला ओलं फडकं पसरून दिलंय, त्यावर ती लांब होऊन झोपते. झोपेत तिचे ओठ हलतात. काय खात असेल.

२९ एप्रिल
दादाचं कार्ड. एकच ओळ. "रविवारी सकाळच्या गाडीने येतो."
हे दोनदा वाचून म्हणाले, "अक्षर शांत दिसतंय." सासूबाईंनी विचारलं, "बघाया येतोय का न्यायला?" ते लिहिलेलं नाही. कार्ड उलटं करून पाहिलं, पत्त्याच्या बाजूलाही काही नाही.

२ मे, रविवार
सकाळ. गाडीला अजून तास आहे. हे स्टँडवर जायला निघाले, नवा शर्ट घालून. सासूबाईंनी पुरणाचं घातलंय, भावाला गोड खाऊ घातलं तर मऊ होईल, हा त्यांचा हिशेब.
काटा आणून ठेवलाय. आज तिचं वजन केलं नाही. मांडीवर घेतली आणि घेऊनच बसलेय. चांगली जड लागतेय.