पहिला तोडा

८ जानेवारी
तालुक्याच्या शेती प्रदर्शनात माझ्या मिरचीला पहिला नंबर! शाल, नारळ, फोटो. माईकवर दणकून बोललो. "रोप मी निवडलं, ठिबक मी टाकलं, राबलो मी." टाळ्याच टाळ्या. आमचा दादा पुढच्याच रांगेत. त्याने एक टाळी वाजवली नाही. सख्खा भाऊ, पण जळतो. दुसरं काय!

९ जाने.
सकाळी सकाळी दादा दारात. कौतुक राहिलं बाजूला. "देवीला नवं दिलंस का?" आमच्या कैनाड गावात सगळे पिकाचा पहिला तोडा, म्हणजे पहिली तोडणी, गावदेवीपुढे ठेवतात, मगच घरात खातात, मग बाजार. मी पहिला तोडा थेट वाणगावच्या बाजारात पाठवला. सांगून टाकलं तोंडावर. देवी काय फवारणीला आली होती?
"मग ही मिरची मी तोंडाला लावणार नाही."
नको लावू. माझं काय जातंय!

१२ जाने.
वहिनी सांगत होत्या, दादा मीठ-भातावर आहे. बाजारची मिरचीही आणू देत नाही. "घरची शेतात लगडलीय, विकतची कशाला?" हेकट मेला. उपास याचा आणि गावभर बदनामी माझी.

१५
आज दुसरा तोडा. बायकोने डोकं खाल्लं. "यातलीच टोपलीभर ठेवा देवीपुढे. पहिला की दुसरा, कोणाला कळतंय?" वर हेही ऐकवलं, "ऑक्टोबरात तुम्ही टायफॉईडने आडवे, तेव्हा रोपं कोणी जगवली? भाऊजींचं नाव निघालं का स्टेजवर?" कडाक्याचं भांडण. जेवलो नाही.

१६
गेलो टोपली घेऊन. दादा देवळातच. इतका खूश! "आणलास पहिला तोडा?" स्वतः टोपली देवीपुढे ठेवली, हात जोडले, मग एक मिरची उचलून तोंडाशी नेली.
"दुसरा आहे," मी म्हणालो. कुठून बुद्धी झाली! गप्प बसलो असतो तर तिथेच मिटलं असतं.
मिरची ठेवली त्याने खाली. मग म्हणाला, "विकलंस ते विकलंस. तिच्यापुढे एवढंच म्हण, मी एकट्याने नाही केलं."
जीभ वळेना. माईक हातात होता तेव्हा कशी चुरुचुरु चालली होती मेली! तसाच निघून आलो. राग कोणाचा आलाय तेही कळेना.

१८
दुपारी देवळात कोणी नव्हतं. म्हणालो एकदाचं. देवी उलट बोलत नाही, तिला सांगणं सोपं.
तसाच दादाकडे गेलो. जेवायला बसला होता. भात आणि मीठ. समोर बसलो. त्यालाही सांगायचंच होतं, अगदी ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "वहिनी, चहा आहे का?"
"आहे की," वहिनी म्हणाल्या. दादा खाली मान घालून जेवत राहिला.