रोशनरावांच्या जुन्या फोनातली जागा

आर्वी,
दि. १४ नोव्हेंबर

श्री. रोशनराव जावईबापू यांस,

वयाने मी मोठा, म्हणून आशीर्वाद द्यायला हवेत; नात्याने तुम्ही जावई, म्हणून नमस्कार करायला हवा. दोन्ही पाठवतो आहे, दोन्ही ठेवून घ्यावेत. आम्ही उभयता बरे आहोत. विमलचे गुडघे थंडी सुरू झाल्यापासून कुरकुरतात, पण तिने स्वतः कुरकुर केलेली नाही. तुमच्या आईसाहेबांची शुगर कशी आहे ते कळवावे. अपेक्षाला सहावा महिना संपत आला, तिने जिने चढू नयेत. (चढत नसेलच. तरी लिहितो, कारण बापाला दुसरं काही लिहिता येत नाही.) पत्र मुद्दामच तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवत आहे. घरी पाठवलं असतं तर अक्षर ओळखून तिने आधी फोडलं असतं. फोन का केला नाही, याचं कारण पुढे येईल. ते कारण समजल्यावर तुम्हीही माझ्याशी फोनवर फार बोलणार नाही, असा माझा अंदाज आहे.

बाळंतपण पुण्यालाच करायचं, हा तुमच्या घरचा निर्णय आम्हाला अपेक्षाने सांगितला. निर्णय योग्यच आहे. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर, डॉक्टरीणबाई पहिल्या महिन्यापासून बघताहेत, प्रवासाची दगदग नको. मी डेपोत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, प्रवासाची दगदग म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. निर्णय योग्यच आहे, हे मी विमललाही दोनदा सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. मुलगी पहिल्या खेपेला माहेरी येते, त्यासाठी बाई लग्नाच्या दिवसापासून मनात तयारी करून असते. तेव्हा तिने हट्ट धरला नाही याचं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणून मी ठरवलं की निदान रोज संध्याकाळी तिला लेक डोळ्यांनी दिसली पाहिजे, आणि तुम्ही दिलेल्या फोनात चित्राचा फोन लावायला गेलो. तर व्हॉट्सअ‍ॅप म्हणालं की मी जुना झालो, नवी आवृत्ती घ्या. नवी घ्यायला गेलो, तर फोन म्हणाला पुरेशी जागा नाही.

हा फोन तुम्ही दोन वर्षांपूर्वी दिलात तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. तुम्ही नवाकोरा आणला होता, आणि मी लेकीच्या घरची वस्तू घेत नाही म्हणून अडून बसलो होतो. (आमच्यात नाहीच घेत. माझे वडील आत्याच्या दारातून पाणी न पिता परत येत. मी पाणी पितो, एवढी सुधारणा झाली आहे.) शेवटी तुम्ही तुमचा कॉलेजच्या काळातला जुना फोन काढून दिला, म्हणालात हा नुसता सांभाळायला ठेवा, आणि मी बदल्यात तुरीच्या डाळीची थैली गाडीत ठेवली तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. तेव्हाच तुम्ही सांगितलं होतं की हा फोन रूट केलेला आहे. कंपनी काही खोल्यांना कुलूप लावून ठेवते, यात मात्र सगळ्या किल्ल्या आपल्या हातात असतात, कंपनीने घातलेलं काहीही काढून टाकता येतं. मला ते फार आवडलं होतं. उभ्या नोकरीत मला स्टेशनरीच्या कपाटाचीसुद्धा किल्ली मिळाली नव्हती.

तर जागा करायची म्हणून मी रीतसर काम केलं. डेपोत माझी एक पद्धत होती. जी गाडी तीन महिने मार्गावर दिसली नाही, तिच्यापुढे शेरा मारायचा आणि यादी वर पाठवायची. त्याच पद्धतीने मी फोनातल्या सगळ्या नावांची यादी वहीत उतरवली. एकूण एकशे बारा निघाली. यांतली विठ्ठलाचं पंचांग, हवामान, बाजारभाव अशी सात-आठ माझ्या ओळखीची. उरलेली सगळी इंग्रजी नावं, एकही कधी मार्गावर गेलेली नाही, कधी उघडलेली नाही, पण आतमध्ये सगळ्यांची जागा धरून. मी प्रत्येकापुढे 'ओळखत नाही' असा शेरा मारला. विमल गवारीच्या शेंगा मोडत समोर बसली होती. तिने एकदा विचारलं, की ज्याले तुमी वळखत नाई तो कामाचाच नसन, हे कसं म्हणता. मी तिला पद्धत समजावून सांगितली. मग तुमच्या त्या किल्लीवाल्या ॲपने त्यांतली पहिली एकतीस नावं काढून टाकली आणि फोन बंद करून चालू केला.

चालू झाला, याचं श्रेय कंपनीला दिलं पाहिजे. मात्र लिहायच्या जागी बोट ठेवलं तर अक्षरांची पाटी वर येईना, कारण कळफलक हाही त्या एकतिसांतला एक होता. दुसरा काढायला शोधावं, तर शोधायला काय हवं ते लिहावं लागतं. तिसरी गोष्ट दोन दिवसांनी कळली. फोनची घंटी वाजत नव्हती. तुम्ही उभयतांनी त्या दोन दिवसांत अकरा वेळा फोन केला आणि अखेर अपेक्षाने घाबरून शेजारच्या सुलोचनाबाईंना फोन लावला, तो हा प्रकार. त्या धावत आल्या तेव्हा आम्ही दोघं अंगणात उन्हात बसून सुखाने पोहे खात होतो. त्यांना त्याचा थोडा राग आला असं मला दिसलं. आणि एवढं करून मोकळी जागा किती झाली हे पाहिलं, तर होती तेवढीच. एका अक्षराचाही फरक नाही.

तेव्हा मी बसस्थानकासमोरच्या बंडूजींकडे गेलो. हे आधी रेडिओ दुरुस्त करत, आता मोबाईल करतात; माणूस सावकाश, पण वस्तू उघडल्याशिवाय मत देत नाही. त्यांनी पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमी कंपनीच्या खोलीतला पसारा काढून राह्यले. ते खोली रिकामी झाली, पण तिची भिंत काही सरकत नाई. तुमची खोली हाय तशीच भरेल हाय." म्हणजे तीस वर्षांत जे मी कधी केलं नाही ते केलं, दुसऱ्या डेपोच्या गाड्या भंगारात काढल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी कळफलक आणि घंटी परत बसवून दिली. मग म्हणाले, मेमरी कार्ड घाला, मी त्याचे दोन भाग करून देतो; ॲप राहील कार्डावर आणि त्याला वाटेल आपण घरातच आहोत. हे मला टपावर सामान टाकण्यासारखं वाटलं, म्हणून लगेच पटलं. कार्ड घरात एकच होतं, विमलच्या भजनी मंडळाच्या स्पीकरमधलं. मी तेच नेलं. दोन भाग करताना आधीचं सगळं पुसलं जातं, हे बंडूजींनी मला सांगितलं होतं असं ते म्हणतात. एकादशीला विमलने कार्ड फोनातून काढून स्पीकरमध्ये घातलं. इकडे फोनातली ॲपं गेली आणि तिकडे स्पीकर गप्प. मंडळाच्या बायका दहा मिनिटं त्याच्याकडे हात जोडून पाहत बसल्या, मग सुलोचनाबाईंनी टाळ काढले आणि सगळ्यांनी आपल्या गळ्याने म्हटलं. मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. स्पीकरपेक्षा खूपच चांगलं झालं, पण हे मी अजून कोणाला बोललेलो नाही.

आता त्या कारणाकडे येतो. आठवड्यापूर्वी बंडूजींनी शेवटचा उपाय म्हणून माझ्या खोलीत नेमकं कोण जागा खाऊन बसलं आहे ते शोधलं. पाच जीबीच्या वर एकच फोल्डर निघाला. रोशनराव, त्या फोनात तुम्ही कॉलेजात असताना बोलणं आपोआप टेप करणारं काहीतरी बसवलं होतं. ते अजून चालू आहे. या दोन वर्षांत विमल आणि अपेक्षा जे जे बोलल्या ते सगळं त्यात आहे. मेथीचे लाडू तर चार वेळा आहेत. इथपर्यंत ठीक. पण फोल्डर खाली खाली सरकवत गेलो, तर तारखा आमच्याकडे फोन येण्याच्या आधीच्या निघाल्या. साखरपुडा ते लग्न, या सात महिन्यांच्या. एकेक टेप दीड-दीड तासाची.

मी त्या ऐकल्या नाहीत. (एक ऐकली. अर्धी.) बंडूजींनी बोट लावलं आणि ती सुरू झाली, बंद कुठून करतात हे मला माहीत नव्हतं, आणि बंडूजींना माहीत होतं पण त्यांनी घाई केली नाही. तुम्ही माझी नक्कल करत होतात. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, आर्वी-पुलगाव-वर्धा, फलाट क्रमांक दोन.' नक्कल चांगली आहे. फक्त मी 'लक्ष द्यावे' एकदाच म्हणत असे, तुम्ही तीनदा म्हणालात. त्याचा राग मुळीच नाही. त्यावर अपेक्षा जी हसली, ते हसणं मी या घरात बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्यासमोर ती तोंडावर पदर नसतानाही पदर असल्यासारखी हसते. मला फार बरं वाटलं, लेक चांगल्या घरी पडली म्हणून. आणि आमच्यासमोर ती तशी कधी हसली नाही म्हणून थोडं वाईटही वाटलं. मग बंडूजींनी बंद केलं आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

मी सगळंच पुसायला निघालो होतो, पण विमल म्हणाली थांबा. लेकीचा आवाज आहे, एकदा ऐकून घेऊ द्या. मला वाटलं आपल्याच गप्पा ऐकायच्या असतील. चार दुपारी ती कापसाच्या वाती वळत, फोन कानाशी लावून बसली होती. जेवायला हाक मारली तर हाताने 'थांबा' म्हणायची. पाचव्या दिवशी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आता पुसा. पुसलं. जागा झाली, नवी आवृत्ती आली, आणि काल संध्याकाळी चित्राचा फोन लागला. अपेक्षा तुम्हाला सांगेलच. चित्र स्वच्छ होतं, तिच्या मागच्या खिडकीतली तुळससुद्धा दिसत होती. मी विमलला हाक मारली. तिने दारातून एक नजर टाकली, हात पिठाचे आहेत म्हणाली आणि आत गेली. महिनाभराच्या खटाटोपानंतर हे असं. मी आत जाऊन पाहिलं तर कणीक मळून झाली होती. बाईमाणसाच्या मनाचा ठाव मला लागला नाही, तुम्हाला लागला तर कळवावा.

बाकी क्षेम. आईसाहेबांना आमचा नमस्कार, अपेक्षाला आशीर्वाद. तिला हे पत्र आल्याचं कळू देऊ नये. फोन उत्तम चालू आहे, त्याची काळजी नसावी.

आपला,
वासुदेवराव

ता. क. — हे टेप होणं बंद कसं करायचं ते तेवढं पत्रानेच कळवावं. आम्ही दोघं सध्या फोनवर हवामानाखेरीज काही बोलत नाही. नवा फोन पाठवू नये. परत आणून द्यावा लागेल.

ता. क. — पाकीट डकवायला विमलकडे दिलं, तर म्हणाली कोरी जागा आहे तिथं मी चार ओळी लिहिते. तिने आजवर तुमच्याशी समोरासमोरही चार वाक्यांवर बोलणं केलेलं नाही, म्हणून मला नवल वाटलं. काय लिहिते ते मी वाचणार नाही.

जवाईबुवाले विमलबाईचा नमस्कार. ह्यायनं अर्धी टेप आयकली, मी साऱ्या आयकल्या. आयकाले नाई पायजे होत्या, पण आयकल्या. लगनाच्या दीड महिना पयले तुमी अपेक्षाले म्हटलं होतं का पयल्या खेपेले मी तुले सोता आर्वीले आणून सोडीन, तुह्या आईजवळ. अपेक्षा म्हणे, तुमी विसरसान. तुमी म्हटलं, नाई विसरत. माणूस विसरते, मी रागावली नाई. ते तुमाले आठोन करून देनार नाई, तिचा सभावच तसा हाय. मले रोज फोनवर सांगते का आई, पुन्याचा दवाखाना लय चांगला हाय. इचारलं नसतानी सांगते, तीनतीनदा सांगते. तुमी एकदा तिले इचारा, सासूबाई घरात नसतानी. ते पुनं म्हणन तं पुनं, मंग मीच गाठोडं घेऊन तिकडं येतो, जिन्याखाली झोपीन. ते आर्वी म्हणन तं घेऊन येजो. ह्यायले साऱ्या पुसू देल्या, तेवढी एक मी बंडूजीकडून कार्डात टाकून ठेवली हाय. धमकी नोका समजू. पोरगी त्याच्यात लय खुश हाय, म्हणून ठेवली. चित्राच्या फोनाची मेहनत ह्यायनं मह्यासाठीच केली, ते मले कयते. पण मले पोरगी फोनात नाई पाह्यची.