एकुलत्या एका गोगलगायीची चिरफाड

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, कारण टेबलाखाली अल्कोहोल सांडलंय आणि फरशी निसरडी झालीय). गुडघा कसा आहे? घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून वर्ष होत आलं, तरी सकाळी नऊ वाजता तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे असता, असं आईकडून कळतं. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता आणि मला सांगायचंय ते बरंच आहे. तेव्हा चष्मा पुसून, बैठक मारून वाचा.

गेल्या वर्षी एका कोळ्याने आमच्या संग्रहालयात डब्यातून एक समुद्री गोगलगाय आणून दिली. बोटाच्या पेराएवढी, शंख नसलेली, केशरी अंगाला जांभळी किनार. (आता बाटलीत राहून सगळा रंग उडालाय आणि ती वापरलेल्या खोडरबरासारखी दिसते. अल्कोहोलमध्ये वर्षभर ठेवलं तर कुणाचं रूप टिकेल?) ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही, अशी माझी खात्री आहे. एकोणीस वर्षं मी या खोलीत बसून दुसऱ्यांनी शोधलेल्या जिवांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवतेय. हा पहिला जीव माझ्या वाट्याला आलाय आणि त्याचं वर्णन मीच लिहून छापून आणणार, मग कुणी काहीही म्हणो.

वर्णन म्हणजे अंगाचा कण न् कण लिहायचा. डोक्यावर दोन शिंगं, त्यांनी ती वास घेते. श्वासाची पिसं मात्र पाठीवर मागच्या टोकाला, बरोबर गुदद्वाराभोवती गोल मांडलेली (ही मांडणी कुणाला सुचली, देव जाणे, वडीलधाऱ्यांना लिहिताना संकोच वाटतो, पण शास्त्र आहे). जिभेवर दातांच्या ओळी. आणि प्रत्येक गोगलगाय नरही असते नि मादीही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग घरात भांडायला दुसरं माणूसच नको.

आता माझी फजिती ऐका. आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला आहे. डोळा लावला की गोगलगाय आणि आपला कागद दोन्ही एकदम दिसतात, मग नुसतं गिरवायचं. तो आरसा फुटला म्हणून नवा बसवला, आणि नवा आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो हे मला कुणी सांगितलं नाही. या कुळातल्या झाडून सगळ्या गोगलगायींचं जननद्वार उजवीकडे असतं. माझ्या चित्रात डावीकडे आलं. मी हुरळून गेले. सगळ्या विभागासमोर उभी राहून चाळीस मिनिटं बोलले, की जगातली पहिली डावरी गोगलगाय आपल्या कपाटात आहे. टाळ्याही पडल्या. शेवटी बाटल्यांत अल्कोहोल भरणारे आमचे बरणीवाले काका चित्राजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हा आकडा उलटा का काढलाय?" नमुन्याशेजारी त्याच्या नंबराची चिठ्ठी असते, तीसुद्धा मी इमानेइतबारे गिरवली होती. सातही आकडे उलटे. (गिरवताना मला वाटलं होतं की आपलं अक्षर बिघडलंय.)

तेव्हापासून मोठे साहेब माझ्याकडे बघून गालात हसतात. त्यांच्या मते ही नवी जात वगैरे काही नसून जुन्याच एका जातीचं पिल्लू आहे. पिल्लू नाही हे दाखवायचा मार्ग एकच, पोट उघडून जननेंद्रियं पूर्ण वाढलेली आहेत हे दाखवायचं. त्यातली एक नळी दोऱ्याहून बारीक असते, ती न तोडता सोडवून बाहेर काढायची. नमुना एकच आहे. साहेबांनी एकदाच कापायची परवानगी दिलीय, महिनाअखेरपर्यंत. बिघडलं तर बाटलीवर 'ओळख पटली नाही' अशी चिठ्ठी लागेल, आणि तीही मलाच चिकटवावी लागेल. पण मी मागे हटणार नाही. हत्यारं धुऊन ठेवलीत, दिवा दुरुस्त करून घेतलाय, तो आरसा काढून टाकलाय. काळजी करू नका.

गुडघ्याला तेल लावत जा. तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. दुकानातले बारीक चिमटे विकले नसतील ना? अजून जवळ असतील तर ते घेऊन इकडे चार दिवस याल का? माझ्याकडचे चिमटे जाड आहेत.

ता. ता. क. चिमटे जाड नाहीत. माझा हात थरथरतो, मामा. सहा महिने झाले. चित्र काढताना मनगट टेबलावर टेकतं, म्हणून निभतं. पण चिमटा धरला की टोक नाचायला लागतं. सरावाला तीन साध्या गोगलगायी घेतल्या, तिन्हींचा चेंदामेंदा झाला. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. मला भीती वाटते. कुठे कापायचं ते मी सांगेन, कापायचं तुम्ही. आणि छापताना तुमचं नाव माझ्या नावाशेजारी येईल, त्यावर मी साहेबांशीही भांडेन.

आणखी एक. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिला मी सांगितलंय की मामांना दुकानाशिवाय करमत नाही, जीव रमावा म्हणून बोलावून घेतेय. तेव्हा ती भेटली की जरा उदास दिसा.